नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला रविवारी येणाऱ्या गाड्यांचा धूर कसा मोजायचा?

नुसता पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मोजून भागणार नाही. थंडीत निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात, तो धूरही त्याच आकड्यात येतो. शिवाय स्वस्त लेझर सेन्सर धुक्यात फुगवून आकडे दाखवतो, आणि तिथे तर धरणाचं पाणी शेजारीच!

गाड्यांसाठी त्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू मोजणं बरं. त्याच्या डिफ्यूजन ट्यूब (हवेतला वायू आपोआप शोषणाऱ्या छोट्या नळ्या) मिळतात, वीज लागत नाही. पार्किंगपाशी दोन-तीन, वाऱ्याच्या वरच्या अंगाला अर्धा किलोमीटरवर एक, अशा दोन ते चार आठवडे टांगा आणि प्रयोगशाळेत द्या. फक्त त्यातून सरासरीच कळते. रविवार वेगळा काढायचा तर तासागणिक नोंदणारं यंत्रच हवं. सोबत गाड्या मोजा, डिझेल किती तेही. इंजिन चालू ठेवून एसीत बसणारे वेगळे टिपा, खरी गंमत तिथेच असते.