स्पेनच्या सिएरा नेवाडात सामान लादून सायकल टूर करायची आहे: मार्ग कोणता, गिअर कोणते आणि वेलेता जमेल का?

तुम्ही लिहिलंय की दोघं जण पुण्याहून सप्टेंबरमध्ये आठ दिवसांसाठी जाणार, सायकली हायब्रीड, प्रत्येकी पंधरा-सोळा किलो सामान, सराव सिंहगड आणि ताम्हिणीचा. डोंगररांगेला फेरा मारायचा आणि त्याच फेऱ्यात सामानासकट वेलेता शिखराचा रस्ताही चढायचा असा बेत आहे.

फेरा सामानासकट करा, वेलेता मोकळ्या सायकलने करा. दोन्ही एकात बसवू नका. का, ते आकड्यांत सांगतो.

ग्रानादा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. वेलेता शिखर ३,३९६ मीटरचं आणि डांबर जवळपास ३,३८० मीटरपर्यंत जातं. युरोपात याहून उंच डांबरी रस्ता नाही. म्हणजे ४५-५० किलोमीटरमध्ये २,७०० मीटरच्या आसपास चढ. सिंहगडाची चढाई साधारण ६०० मीटरची धरली, तर हे चारहून जास्त सिंहगड एकामागून एक झाले, आणि शेवटचा ३,००० मीटरच्या पुढे. सरासरी चढ सहा टक्क्यांच्या आतच आहे, सिंहगडाएवढा उभा नाही. दमवते ती लांबी.

आता गिअर. तुम्ही, सायकल, सामान आणि पाणी मिळून १०० किलो धरा. आठ टक्के चढावर गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून ८५ न्यूटनच्या आसपास मागे ओढतात. सर्वांत हलका गिअर ३४-३४ (पुढे ३४ दातांचं चक्र म्हणजे चेनरिंग, मागे ३४ दातांचं चक्र) असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारल्यावर वेग ७.६ किमी पडतो आणि त्यासाठी सुमारे १७५ वॉट लागतात. सहा तास सलग १७५ वॉट देणारे हौशी सायकलस्वार थोडे. तेच २४-३४ वर वेग ५.३ किमी आणि ताकद १२५ वॉट. हे दिवसभर जमतं. हायब्रीडवर पुढे जुना ४८-३६-२६ ट्रिपल (तीन चेनरिंग) आणि मागे ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दातांच्या चक्रांचा संच) असेल तर तुम्ही बऱ्या अवस्थेत आहात, काही बदलू नका. पुढे एकच ३८ची चेनरिंग आणि मागे ११-४२ असेल, तर चेनरिंग ३२ किंवा ३४ची करून घ्या. उतारावर जास्तीचा वेग मिळणार नाही, पण तिथे पेडल मारायची गरजच नसते. गिअर जड पडला की माणूस ४०-४५ फेऱ्यांवर उभा राहून रेटतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. टूर अर्धवट सुटण्याचं कारण दम नसून बहुतेक वेळा गुडघा असतो.

सामान १२ किलोवर आणा. सगळं मागच्या कॅरिअरवर टाकलं तर चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि ५ किमीच्या वेगात हँडल डावी-उजवीकडे भरकटतं. जड वस्तू (हत्यारं, गॅस नसलेली चूल, खाणं) पुढच्या पॅनिअरमध्ये (चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत) खाली ठेवा, एकूण वजनाच्या साधारण चाळीस टक्के. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो ग्रानादात घ्या.

फेरा असा सुचवतो: ग्रानादा, लांहारोन, ओर्हिवा, पांपानेइरा, कापिलेइरा, त्रेवेलेस, बेर्चुलेस, वालोर, लारोलेस, तिथून ला रागुआ खिंड, पलीकडे ला कालाओरा, ग्वादिक्स, ला पेसा, केंतार आणि परत ग्रानादा. अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर होतात. मैदानी हिशोबाने हे तीन दिवसांचं काम वाटेल, पण सहा दिवस ठेवा. ओर्हिवा ४५० मीटरवर आहे आणि त्रेवेलेस १,४७६ वर (आपलं महाबळेश्वर याहून शंभरेक मीटर खाली), आणि दोन्हींच्या मध्ये रस्ता प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात आत शिरतो नि बाहेर येतो. समोरच्या उतारावरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला तास लागतो.

ओर्हिवाहून पूर्वेला जाणारे दोन रस्ते आहेत. खालचा ए-३४८ तोर्विस्कोन-कादियारवरून जातो, वरचा पांपानेइरा-त्रेवेलेसवरून. वरचाच घ्या. गावागावात पाण्याची कारंजी आहेत, सावली आहे, मुक्कामाच्या सोयी आहेत. पित्रेस आणि त्रेवेलेसला कॅम्पिंगची जागाही आहे. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात आणि ही गावं रांगेच्या दक्षिण उतारावर आहेत. पश्चिमेकडून पूर्वेला गेलात तर तुम्ही दरीच्या कडेने चालता, उलट गेलात तर डोंगराच्या कडेने. दरी बघून कुणाला गरगरत असेल तर अख्खा फेरा उलटा करा. माझी पसंती पश्चिमेकडून पूर्वेलाच, कारण दरी पूर्ण उघडी दिसते आणि रस्त्यावर वाहनं फार नसतात.

ला रागुआ खिंड सुमारे २,००० मीटरवर आहे. लारोलेसहून तिथवर साधारण हजार मीटरचा चढ आहे. झाडी आहे, पण पाण्याचा भरवसा धरू नका, तीन लिटर भरून निघा. पलीकडे उतरलात की देखावा एकदम पालटतो: कोरडं, रुंद पठार, आणि गावाच्या वर एकाकी टेकडीवर सोळाव्या शतकातला गोल बुरुजांचा ला कालाओराचा किल्ला. या पठारावर वारा समोरून आला तर सपाटीलाही १२ किमीने जाल, त्या दिवशी ग्वादिक्सच्या पुढचं काही ठरवू नका. ग्वादिक्समध्ये मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहाघरांत राहायची सोय होते.

आता वेलेता. फेरा संपवून ग्रानादात परत आलात की सामान मुक्कामी ठेवा, एक दिवस पाय मोकळे करा आणि मग निघा. फेऱ्यात त्रेवेलेसच्या उंचीवर रात्र काढल्याचा थोडा फायदा मिळतो. जास्त नाही, कारण उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरपासून सुरू होतो. ३,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. खाली १२५ वॉट सहज देणाऱ्याला वर १०० सुद्धा जड जातात. लडाखला जाऊन आलेल्यांना ही उंची किरकोळ वाटते. पण तिथे शरीर आठ-दहा दिवसांत सरावतं आणि तो सराव काही आठवड्यांत ओसरतो. इथे तुम्ही एका सकाळी ७०० वरून ३,३८० वर जाता. नुसतं डोकं दुखलं तर थांबून पाणी प्या, काही खा. मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर लगेच मागे वळा. इथली सोय अशी की तासाभरात हजार-दीड हजार मीटर खाली येता येतं.

ए-३९५ हा मुख्य रस्ता रुंद आणि चढाला सोपा आहे, पण शनिवार-रविवारी गाड्या फार, म्हणून कामाचा दिवस निवडा. दोर्नाहोच्या माहिती केंद्रापासून साबिनास खिंडीवरून जाणारा जुना रस्ता शांत आहे. प्रादोयानो हे स्कीचं गाव २,१०० मीटरवर आणि ओया दे ला मोरा २,५०० मीटरवर. तिथे फाटक आहे. १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आता फाटकापुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, सायकलला परवानगी आहे. फाटकाच्या वर पाणी नाही. प्रादोयानोतच बाटल्या भरा. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये डांबर फुटलेलं आहे, ३५ मिमीचे टायर थोडे नरम ठेवलेत तर बरं.

वेलेतावरून तसंच पलीकडे कापिलेइराला उतरायचं मनात येईल. रस्ता आहे, पण तीसेक किलोमीटर कच्चा, अभ्रकाच्या पातळ धारदार खडकांचा. हे खडक टायरची बाजू कापतात आणि कापलेली बाजू पंक्चरच्या पॅचने थांबत नाही. काही ठिकाणी दरड आलेली असते, तिथे सायकल उचलून न्यावी लागते. ४५-५० मिमीचे टायर आणि हलकं सामान नसेल तर हा मोह सोडा.

उतरताना खरी परीक्षा ब्रेकची. दहा टक्के उतारावर २५ किमीचा वेग धरून सतत ब्रेक दाबलात, तर १०० किलोच्या सायकलवर ब्रेकमध्ये सुमारे ५०० वॉट उष्णता तयार होत राहते. म्हणून वळणाआधी जोरात दाबा आणि वळण संपलं की पूर्ण सोडा. मधल्या सरळ तुकड्यात हवाच वेग आवरते आणि ब्रेक थंड होतात. रिम ब्रेक असतील तर चौथ्या-पाचव्या वळणानंतर थांबून रिमजवळ हात न्या, चटका बसण्याइतकी गरम वाटली तर पाच मिनिटं थांबा, नाहीतर ट्यूब फुटते. डिस्क पॅडचा थर १ मिमीखाली असेल तर निघण्याआधीच बदला, आणि नवे पॅड घरच्या घाटात आठ-दहा वेळा दाबून बसवून घ्या. ग्रानादात ३० अंश असेल तेव्हा वर १२-१३ असतात, त्यात वारा. चढताना घामाने भिजलेला टीशर्ट वर पोचल्यावर बदला, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. बोटं गारठली की ब्रेक नीट दाबताच येत नाही.

बरोबर ठेवा: तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा, विमानात हमखास वाकतो), मागच्या चाकाच्या गिअरकडच्या बाजूचे दोन स्पोक, चेन जोडायची क्विक लिंक, ब्रेक पॅडचे दोन जोड, गिअर केबल, दोन ट्यूब, टायर फाटला तर आतून लावायला जाड टायरचा कापलेला तुकडा. अल्पुहारात (रांगेच्या दक्षिण उतारावरच्या या गावांच्या भागात) सायकलच्या दुकानाच्या भरवशावर राहू नका. खालच्या खोऱ्यांत रस्त्याकडेला सराटे असतात, आपल्याकडे माळावर असतात तेच. सायकल टेकवण्याआधी जमीन बघा. हायड्रॉलिक डिस्क असतील तर पॅक करताना पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. चाक काढलेलं असताना लीव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर हे महत्त्वाचं आहे. त्रेवेलेस हॅमसाठी प्रसिद्ध, आणि ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीत हॅमचे तुकडे किंवा सॅलडमध्ये ट्यूना येतो. हॅम नको आणि मासाही नको, असं वेगळं सांगा. ‘पापास आ लो पोब्रे’ म्हणजे तेलात कांदा-ढोबळी मिरचीबरोबर मऊ शिजवलेले बटाटे, सायकलवाल्यासाठी उत्तम. वर अंडं घालतात, तेही आधी विचारा. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक पूर्ण बंद, आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं कठीण. म्हणून दुपारी एकच्या आत उद्याचीही खरेदी उरका. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. खजूर आणि चिक्की घरून न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. रात्री आणि बोगद्यात दिवे आणि परावर्तक जाकीट लागतं. सप्टेंबरच्या मध्यात तिथे सूर्योदय आठच्या सुमारास होतो, त्यामुळे वेलेतासाठी लवकर निघालात तर पहिला तास अंधारातच जाईल. आपत्कालीन क्रमांक ११२. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण तो घेताना सायकलिंग आणि ३,००० मीटरवरची उंची त्यात बसते का ते कागदावर बघा.

तारखा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा आणि वेलेतासाठी एक नाही, दोन दिवस मोकळे सोडा, म्हणजे आठाचे नऊ दिवस करा. स्पेनचं हवामान खातं आएमेत सिएरा नेवाडाचा वेगळा पर्वतीय अंदाज देतं, तो आदल्या संध्याकाळी बघा. वर ताशी ५० किमीहून जास्त वारा असेल तर फाटकापुढे जाऊ नका. त्या दिवशी ग्वेहार सिएराहून आसायानासचा चढ करा. व्हुएल्ता या स्पेनच्या मोठ्या सायकल शर्यतीत तो घेतलेला आहे, काही तुकडे पंधरा टक्क्यांच्या वर जातात, आणि मोकळ्या सायकलला २६-३४ असेल तर तो चढता येतो.