वादळाआधीची सकाळ लिही

अरे, तुझ्या हिमवादळावरच्या कथेचा पहिला चॅप्टर वाचला, भाषा मस्त आहे, पण पहिल्याच ओळीत वादळ आणलंस ना, तिथं गडबड झाली. १२ जानेवारी १८८८ ची खरी भीती त्या सकाळीत आहे बघ, अमेरिकेतल्या डाकोटा-नेब्रास्कात कडाक्याच्या थंडीनंतर हवा एकदम उबदार झालेली, म्हणून कितीतरी पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली, मोठी माणसं गुरांचं बघायला बाहेर पडली, आणि मग काही मिनिटांत वायव्येकडनं ती पांढरी भिंत आली. हे सावकाश लिही. बर्फ कापसासारखा नको, तो पिठासारखा बारीक होता, डोळ्यात-नाकात घुसणारा, समोर धरलेला हात दिसेना असा. झाडं जवळपास नाहीतच, म्हणून घरं मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या ठोकळ्यांची आणि चुलीत पीळ देऊन घट्ट केलेलं वाळकं गवत, हे डिटेल्स सोडू नकोस. साधारण २३५ माणसं गेली असं सांगतात, पण आकडा कथेत नको, गोठ्यातनं घराकडे निघून मधेच चुकलेला एकच माणूस घे, माझ्या तर नुसत्या विचारानं पोटात कालवतं. आणि हो, तेव्हा डाकोटा राज्य नव्हतं, टेरिटरी होती, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश, तेवढं दुरुस्त कर.