नानावटी खटल्यात गोळ्या झटापटीत सुटल्या होत्या, म्हणजे ते स्वसंरक्षणच झालं ना? मग जन्मठेप का?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो: नानावटी आणि मारले गेलेले प्रेम आहुजा या दोघांत झटापट झाली, पिस्तूल आहुजांच्या हाती गेलं असतं तर नानावटीच मेले असते, ज्युरीनेही, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनीही, आठ विरुद्ध एक मतांनी 'दोषी नाही' म्हटलं, तरी वरच्या न्यायालयांनी खुनी ठरवलं, हे कसं? आणि पुढे विचारलंय की आज असं घडलं तर काय होईल.

मी सत्र न्यायालयात फौजदारी प्रकरणं चालवतो. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' या एका मुद्द्यासाठी शिकवतात आणि सिनेमावाले प्रेमत्रिकोणासाठी वापरतात. झटापटीचा भाग दोघंही उरकून टाकतात. खरी गंमत तिथेच आहे.

आधी घटनाक्रम. कमांडर कावस नानावटी 'आयएनएस मैसूर' या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये सिल्व्हियाशी लग्न झालं, तीन मुलं झाली. नौदलाची नोकरी म्हणजे महिनोनमहिने समुद्रावर. त्या काळात मुंबईतले मोटारींचे व्यापारी प्रेम आहुजा यांच्याशी सिल्व्हियाचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी तिने नवऱ्याला ते सांगून टाकलं. नानावटींनी तिला आणि मुलांना ठरल्याप्रमाणे सिनेमाला सोडलं, सहा वाजता न्यायला येतो म्हणाले. तिथून जहाजावर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं सांगून भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. ते भरून एका तपकिरी पाकिटात ठेवलं. मग आहुजांच्या ऑफिसात, तिथे ते नव्हते म्हणून घरी. चार वीसच्या सुमारास नोकराने दार उघडलं, नानावटी थेट बेडरूममध्ये गेले आणि दार लावलं. आहुजा नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते, कमरेला टॉवेल. तीन गोळ्या सुटल्या.

खोलीत दोघंच होते, त्यातला एक मेला. म्हणून आत काय झालं याची एकच कहाणी उरली, ती आरोपीची. नानावटींनी सांगितलं ते असं: मी त्याला विचारलं, तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का? तो म्हणाला, ज्या ज्या बाईबरोबर झोपतो तिच्याशी काय लग्न करत बसू? मी पाकीट बाजूच्या कपाटावर ठेवलं होतं. त्याने पाकिटाकडे झेप घेतली, मी आधी ते उचलून रिव्हॉल्व्हर काढलं, मागे हो म्हणालो. त्याने माझा हात पकडला, झोंबाझोंबी झाली आणि गोळ्या सुटल्या.

आता लक्षात घ्या, वकिलांनी यावर 'स्वसंरक्षण' हा मुख्य बचाव उभा केलाच नाही. त्यांनी घेतला तो अपघाताचा, भारतीय दंड संहितेच्या कलम ८० चा. आणि ते मान्य नसेल तर प्रक्षोभाचा, म्हणजे समोरच्याने डिवचल्यामुळे भान सुटलं, म्हणून खून नव्हे, सदोष मनुष्यवध हा कमी शिक्षेचा गुन्हा. स्वसंरक्षण का नाही? माझं मत विचाराल तर ते उलट अंगावर आलं असतं. भरलेलं हत्यार घेऊन दुसऱ्याच्या बेडरूममध्ये तुम्ही घुसलात. त्या माणसाला हत्यार दिसलं आणि त्याने तुमचा हात धरला. इथे जीव वाचवायचा हक्क कोणाचा? आहुजांचा. कलम ९६ ते १०६ मधला खासगी संरक्षणाचा हक्क आधी त्यांच्या पदरात पडतो. आक्रमक म्हणून गेलेल्याने समोरच्याच्या प्रतिकारालाच आपला बचाव म्हणून पुढे करायचं, हे कोणत्याही न्यायाधीशापुढे टिकवणं महाकठीण.

अपघाताचा बचावही वाटतो तितका सोपा नाही. कलम ८० म्हणतं की कृती कायदेशीर हवी, कायदेशीर रीतीने आणि साधनांनी, योग्य काळजी घेऊन केलेली हवी, आणि गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नको. खोटं कारण सांगून मिळवलेलं, भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन गेलेल्या माणसाची गाडी पहिल्याच अटीला अडते. शिवाय पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे असा अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. हा भार सरकारी पक्षाइतका जड नसतो, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवता आलं की पुरे. पण तेवढं तरी झुकवावं लागतं.

आणि इथे तो टॉवेल येतो. प्रेत बाथरूममध्ये सापडलं तेव्हा टॉवेल कमरेला जसाच्या तसा होता. सुटलेला नाही, सैल झालेला नाही. दोन धडधाकट पुरुष पिस्तुलासाठी झोंबले, एकाला तीन गोळ्या लागल्या, तो खाली पडला आणि नुसता गुंडाळलेला टॉवेल जागचा हलला नाही? सरकारी पक्षाने हा प्रश्न विचारला आणि बचाव पक्षाकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. घरी करून बघा हवं तर, टॉवेल गुंडाळून भावाशी रिमोटसाठी ओढाताण करा. त्यात त्या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीसाठी वेगळा दाबावा लागत होता. झटापटीत एक गोळी चुकून सुटली हे एकवेळ समजू शकतं. तिन्ही?

तरीही माझ्या मते खटला खोलीतल्या त्या मिनिटाभराने बुडाला नाही. त्याच्या आधीच्या तीन तासांनी आणि नंतरच्या काही मिनिटांनी तो बुडाला.

आधीचे तीन तास म्हणजे सिनेमा, जहाज, भांडार, ऑफिस, घर. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी निकालात हिशेबच मांडला: दीड वाजता घर सोडलं, चार वीसला गोळ्या झाडल्या, मधे भानावर यायला भरपूर वेळ होता. बायकोच्या आणि मुलांच्या पुढच्या सोयीचा विचार करण्याइतकं डोकं ताळ्यावर होतं, मग प्रक्षोभ 'अचानक' कसा राहिला?

नंतरची मिनिटं तर त्याहून बोलकी. गोळ्यांचा आवाज ऐकून आहुजांची बहीण धावत आली. नानावटी तिच्यासमोरून निघून गेले. 'अहो, चुकून झालं' असा शब्द नाही. खाली चौकीदाराने अडवलं, साहेबांना का मारलंत म्हणून विचारलं. उत्तर काय दिलं? त्याचे माझ्या बायकोशी संबंध होते, आमचं भांडण झालं, म्हणून मारलं. पुढे नौदलाच्या अधिकाऱ्याकडे आणि पोलिसांकडे स्वतः हजर झाले, हे त्यांच्या सरळपणाचं लक्षण मानलं गेलं आणि मीही मानतो. पण तिथेही झटापटीचा, अपघाताचा उल्लेख नाही. ती गोष्ट नंतर आली. सरळ माणूस होता म्हणूनच अडकला असंही कुणी म्हणेल.

ज्युरीबद्दल. ज्युरीने सोडलं हे खरं, पण सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनाच तो निर्णय पटला नाही. त्या वेळच्या कायद्यात अशा वेळी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायची सोय होती, ती त्यांनी वापरली. उच्च न्यायालयाने पाहिलं की ज्युरीला कायदा समजावतानाच चुका झाल्या होत्या. अपघाताच्या बचावाचे घटक कोणते आणि भार कोणावर, हे नीट सांगितलंच नव्हतं. म्हणजे नऊ जणांना नियम न सांगता पंच म्हणून बसवलं होतं. बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींच्या बाजूने रान उठवत होतं, चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जात होता, रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि खेळण्यातली नानावटी पिस्तुलं विकली जात होती. या हवेत बसलेल्या ज्युरीवर मी फार भिस्त ठेवणार नाही. या खटल्यामुळे ज्युरी रद्द झाली असं जे ऐकवलं जातं ते मात्र अर्धवट आहे. ती पद्धत आधीपासून आकसत चालली होती, नंतरही काही ठिकाणी काही वर्षं चालू राहिली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही.

मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि पुढे हे कुटुंब कॅनडाला गेलं. तेव्हा 'जन्मठेप का' या तुमच्या प्रश्नात भोगलेली शिक्षा फार मोठी नाही, हेही धरा.

एक गोष्ट या निकालाच्या बाजूने सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. नानावटींचा प्रक्षोभाचा मुद्दा फेटाळतानाच न्यायालयाने म्हटलं की मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीची जी मनःस्थिती घडलेली असते तीही विचारात घेता येते. हे वाक्य नानावटींच्या कामी आलं नाही. पण वर्षानुवर्षं घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायकांच्या प्रकरणांत याच धाग्यावरून पुढे काही न्यायालयं 'साचत गेलेला प्रक्षोभ' मान्य करू लागली. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तसा विचार केला. त्यातून सुटका होत नाही, खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, शिक्षा कमी होते. नौदलाच्या अधिकाऱ्याला जे मिळालं नाही ते ज्यांच्याकडे ना ब्लिट्झ ना वर्दी अशा बायकांना थोडंफार मिळालं, हे मला बरं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आज घडलं तर. कलमांचे आकडे बदललेत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: स्वसंरक्षण कलम ३४ ते ४४, अपघात कलम १८, खुनाची शिक्षा कलम १०३, आणि आरोपीवरचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये. मजकूर जवळपास तोच. ज्युरी नाही, एकटे सत्र न्यायाधीश निकाल देतील. दीड ते चार वीस या वेळात नानावटी कुठे होते हे साक्षीदारांकडून काढावं लागलं होतं. आज मोबाइल टॉवर आणि सोसायटीचे कॅमेरे ते मिनिटामिनिटाने सांगतील. आणि चौकीदाराची साक्ष खोटी पाडायचा प्रयत्न तरी करता येतो. लिफ्टसमोरच्या कॅमेऱ्यात आवाजासकट 'म्हणून मारलं' आलं तर कसली उलटतपासणी घेणार?

म्हणून असं प्रकरण घेऊन नातेवाईक येतात तेव्हा आत नेमकं काय झालं हे मी आधी विचारत नाही. घटना झाल्यावर पहिला फोन कोणाला केला आणि त्याला काय सांगितलं, हे विचारतो. जीव वाचवायला वार केलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच फोनवर धापा टाकत 'त्याने मला मारायला...' असं काहीतरी बोललेला असतो. तसं बोललेला असेल तर आम्हाला काम करायला जागा असते, आरोपीने न्यायालयात स्वसंरक्षणाचा शब्दही उच्चारला नसला तरी. कारण सरकारी पक्षाच्याच पुराव्यातून तो बचाव दिसत असेल तर न्यायालयाने त्याचा विचार करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगून ठेवलंय.