घरात सगळं नीट नसलेल्या कुटुंबाला धर्मग्राम (कॅथलिक चर्चचा पॅरिश) खरंच सांभाळून घेतो का?

तुम्ही लिहिलंय की घटस्फोट झालाय, मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) पुढच्या वर्षी आहे आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलं की सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटतं. काही जण बघतातच, खोटं कशाला सांगू! मी वसईची. 19 वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला, तेव्हा बघणारेही पाहिलेत आणि धावून येणारेही. पुष्कळदा ती एकच माणसं असतात.

आधी एक गैरसमज. घटस्फोट झाला की ख्रिस्तप्रसाद बंद, असं आमच्याकडे ओट्यावर बसून छातीठोकपणे सांगणारे आहेत. तसं नाही. कोर्टातून घटस्फोट झाला आणि तुम्ही दुसरं लग्न केलेलं नाही, तर तेवढ्या कारणावरून कुणी तुम्हाला रांगेतून मागे पाठवू शकत नाही. पापनिवेदन (कन्फेशन) वगैरे जे सगळ्यांना, तेच तुम्हाला. अडचण येते ती पहिलं लग्न चर्चच्या दृष्टीने कायम असताना दुसरं केलं तर. पण तेव्हाही माणूस चर्चबाहेर जात नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्येच तसं स्पष्ट लिहिलंय. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये त्यापुढे जाऊन फादरांना सांगितलं, की सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नका, त्या माणसाबरोबर बसा, त्याचं ऐका.

आता आमच्या घरचं सांगते. बाबा दादरला फुलं घेऊन जायचे आणि पैसे घरी पोचायच्या आत अर्धे गुत्त्यात जायचे. ऑक्टोबरात आमच्या आळीत रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घरोघरी फिरते, मरियामातेची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जाते. आमची पाळी आली तेव्हा आईने शेजारच्या मावशींना निरोप धाडला, ‘यंदा आमचं घर सोडा.’ मावशी स्वतः आल्या. म्हणाल्या, ‘आत नको तर अंगणात बसू. चणे मी उकडून आणते, तू फक्त दिवा लाव.’ रोजरी झाली. बाबा आतल्या खोलीत खोकत होते, सगळ्यांना ऐकू येत होतं, कुणी मान वळवली नाही. पुढच्या आठवड्यापासून मावशींचे यजमान बाबांबरोबर पहाटेच्या लोकलला जायला लागले, परतही दोघं बरोबरच. दारू त्याने सुटली नाही. त्याला आणखी 6 वर्षं लागली, आणि चर्चच्या हॉलमागच्या खोलीत भरणारी ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) बैठक. पण पैसे घरी यायला लागले ते त्या पहाटेपासून.

एवढं पाहूनही मी स्वतः चुकले. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मिस्सेत प्रत्येक मुलाने आईबाबांचा हात धरून यायचं, असं मीच वर्गात सांगितलं होतं. एक मुलगा तालमीला येईनासा झाला. त्याचे वडील घर सोडून गेले होते आणि ते मला ठाऊक होतं! घरी जाऊन त्याच्या आजीची माफी मागितली. पुढच्या वर्षीपासून ‘घरातलं कुणीही मोठं माणूस’ असं ठेवलं. म्हणून सांगते, मुलीच्या शिक्षिकेला आधीच गाठा. आम्ही बायका वाईट नसतो, विसराळू असतो.

फादरांना मिस्सा सुटल्यावर दारात गाठू नका, तिथे दहा जण खोळंबलेले असतात. मधल्या वारी वेळ मागून घ्या. पुढे कधी लग्नाचा विचार असेल तर पहिल्या लग्नाचं प्रकरण धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हद्दीतल्या चर्चच्या) विवाह न्यायालयात नेता येईल का, तेही तेव्हाच विचारा. पूर्वी रद्दबातलीचा, म्हणजे ते लग्न चर्चच्या दृष्टीने मुळातच वैध नव्हतं असा, निकाल चर्चच्या दोन न्यायालयांतून यावा लागे. 2015 पासून अपील झालं नाही तर एकच पुरतो. त्याने मुलगी अनौरस ठरत नाही. ही भीती मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलीय की न विचारताच सांगून टाकते. कोर्टाचा घटस्फोट मात्र वेगळा लागतो, तो तुमचा झालेलाच आहे. एखादे फादर तुटक वागले तर सहायक फादरांकडे जा, नाहीतर शेजारच्या धर्मग्रामात. कुणी अडवत नाही.

आणि आळीतल्या चर्चच्या कुटुंबांच्या समूहाच्या बैठकीला जायला लागा, मागे बसलात तरी चालेल. मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या फ्रॉकचं तिथेच विचारा. आमच्या प्रत्येक आळीत कुणाच्या तरी कपाटात तीन-चार फ्रॉक इस्त्री करून ठेवलेले असतात, दरवर्षी नव्या मुलीच्या अंगावर जातात. माझ्या मुलीनेही तसलाच घातला होता, कंबरेत टाचण्या लावून.