नदीतलं गवत गेलं, तर बिघडलं कुठे?

प्रश्न : मी मूळचा चिंचवडचा. निवृत्तीनंतर सध्या मुलाकडे, इंग्लंडमध्ये विंचेस्टरजवळ राहतो. इथून इचेन नदी वाहते. नातवाला गळ टाकायचा नाद लागला आहे, त्यामुळे मुलाने दिवसाचा परवाना काढला की मीही काठावर जाऊन बसतो. तिथले जुने गळवाले हळहळत असतात. पूर्वी मे-जूनमध्ये पात्र पांढऱ्या फुलांनी भरून जायचं, आता नुसते गोटे दिसतात, म्हणतात. आपल्याकडे पवनेतली जलपर्णी काढायला दरवर्षी यंत्रं उतरवावी लागतात. मग पाणवनस्पती कमी झाली तर ते चांगलंच नाही का? आणि ही मंडळी तर म्हणे स्वतःच ती कापायची!
– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला एक पांढरी बशी आठवली. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात मी मुलीकडे सॅलिस्बरीला होते. तिथली एव्हन नदीही इचेनसारखीच, खडूच्या टेकड्यांमधून झिरपून येणाऱ्या पाण्यावर वाहणारी. नदीचा राखणदार कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लांब दांड्याच्या विळ्याने हीच पांढऱ्या फुलांची पाणवनस्पती कापत होता. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे हे कळल्यावर त्याने एक जुडी काढून माझ्या हातात दिली. घरी आणून बशीत ठेवली तर ओल्या केसांच्या बटेसारखी पसरली. पाण्याखालची पानं अगदी दोऱ्यासारखी, फुलं मात्र पाच पाकळ्यांची, पांढरीशुभ्र, मध्ये पिवळी. जुडी हलकेच झटकली आणि मिनिटभरात बशीचा तळ हलायला लागला. जवळ्यापेक्षाही बारीक, कोळंबीच्या जातीचे जीव, मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं, एक इवलीशी गोगलगाय. ट्राउट मासा जगतो तो यांच्यावर. तुमचे गळवाले हळहळतात ते फुलांसाठी तर आहेच, पण या बशीतल्या संसारासाठीही.

या वनस्पतीला तिकडे वॉटर क्रोफूट म्हणतात, शास्त्रीय नाव रॅननक्युलस. आपली मोरवेल आणि कलौंजी याच कुळातल्या. जलपर्णीशी हिचं काहीच जमत नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली, पाण्यावर तरंगणारी, मुळं लोंबकळत ठेवून संथ, घाण पाण्यातलं अन्न शोषणारी. क्रोफूट तिथलीच, खडीत मुळं रोवून वाहत्या, थंड, नितळ पाण्यात वाढणारी. आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे : जलपर्णी ज्यावर माजते, त्यानेच क्रोफूट मरते. सांडपाणी, साबणाची पावडर आणि शेतातली खतं यांतून येणारं फॉस्फरस. आपल्याकडे ते जलपर्णीला पोसतं. तिकडे ते बारीक शेवाळाला पोसतं. वसंतात क्रोफूटच्या पानांवर या शेवाळाचा तपकिरी, बुळबुळीत लेप चढतो. मग पानांना ऊन मिळत नाही, मुळं अशक्त होतात आणि एखाद्या जोराच्या पाण्यात सगळा झुबका उपटून वाहून जातो. खाली उरतात ते गोटे.

दुसरं कारण पाणीच कमी असणं. आपला काळा पाषाण पाणी फारसं धरत नाही. पावसाळ्यात नदी दुथडी आणि मार्चमध्ये डबकी, हे आपण पाहतोच. खडू मात्र स्पंजासारखा. हिवाळ्यातला पाऊस पोटात मुरवतो आणि उन्हाळाभर थोडा थोडा सोडतो. म्हणून या नद्या बारमाही, जवळजवळ एकाच तापमानाच्या. पण त्याच खडूतून आणि त्याच नद्यांतून शहरांसाठी पाणी उपसलं जातं. हिवाळा कोरडा गेला आणि वर उपसा चालू राहिला की धार मंदावते, गाळ खडीवर बसतो आणि क्रोफूटचं जगणं अवघड होतं. इचेन आणि तिच्या शेजारची टेस्ट या दोन नद्यांच्या उपशावर २०१८ साली सार्वजनिक चौकशी झाली आणि २०१९ मध्ये त्यावर कडक मर्यादा आल्या. माझ्या मते हे फार उशिरा झालं, पण झालं याचा मला मनापासून आनंद आहे. हंसांचे थवेही क्रोफूट खातात, पण निरोगी नदीत ते सहज सोसतं.

आता कापण्याबद्दल. नाशिककडचा द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो, म्हणून त्याला वेल नकोसा झालेला असतो का? क्रोफूट जोमाने वाढली की पाणी अडून काठावर चढतं, म्हणून राखणदार ठरलेल्या दिवसांतच आणि पट्टे सोडून सोडून कापतात. राखलेल्या झुबक्यांच्या मधून पाणी जोरात पळतं आणि तिथली खडी आपोआप धुऊन निघते. ट्राउट अंडी घालते ती स्वच्छ खडीतच. तुमच्या गळवाल्यांचे विळे आज पडून असतील, तर ती वाईट खूण आहे.

शाळेतला हायड्रिला या पाणवनस्पतीचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल. चंचुपात्र, उलटं नरसाळं, वर परीक्षानळी आणि सुळसुळ वर जाणारे बुडबुडे. मी नोकरीला लागले तेव्हा आमचा शिपाई त्यासाठीचा हायड्रिला सकाळी मुळा नदीतून घेऊन यायचा. सोबत व्हॅलिसनेरिया या दुसऱ्या पाणवनस्पतीच्या पानांच्या लांब फितीही असायच्या. मी निवृत्त झाले त्या वर्षी हायड्रिला मत्स्यालयाच्या दुकानातून पिशवीत आला होता. नदी तिथेच होती, पण तिच्यावर जलपर्णीची चादर होती आणि चादरीखाली ऊन पोचत नव्हतं. तेव्हा आपल्याकडेही पाणवनस्पती वाढल्या असं मी कधीच म्हणत नाही. एक वाढली, तिच्याखाली कितीतरी गेल्या आणि त्यांच्यासाठी कोणी हळहळलंही नाही. तुमच्याकडचे गळवाले हळहळतात, राखणदाराला विचारतात, नदीवर नजर ठेवतात. त्यांच्याशी ओळख वाढवा.

नातवाला एक काम द्या. इचेन संरक्षित नदी आहे, त्यामुळे तिच्यातली वनस्पती उपटायची नाही. राखणदाराला विचारून वाहत आलेली एखादी काडी घ्या. दोन बोटांत धरून हलकेच ओढा. बोटांना तपकिरी बुळबुळीत काही लागलं तर तो शेवाळाचा लेप. मग पांढऱ्या बशीत थोडं नदीचंच पाणी घेऊन काडी झटका, काय काय पडतं ते त्याला मोजू द्या आणि सगळं पुन्हा नदीत सोडा. महिन्यातून एकदा, त्याच जागी. वहीत तारीख घालून लिहायला सांगा, आणि वर्षभराने त्या वहीची पानं मला पाठवा.