तबकडी हरवलेले तारे

प्रश्न : मृग नक्षत्रातल्या एम-४२ तेजोमेघातल्या तरुण ताऱ्यांवर मी एमएस्सीचा प्रकल्प करते आहे. स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त नोंदींतून केलेली माझी यादी चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण यादीशी ताडली, तर कितीतरी तारे जुळतच नाहीत. चुकतंय कुठे?

उत्तर : बहुधा कुठेच नाही. अवरक्तात तुम्ही ताऱ्याभोवतीची धुळीची तबकडी शोधता, तिच्यामुळे ३.६ ते ८ मायक्रॉन तरंगलांबीत जास्तीचा प्रकाश मिळतो. काही दशलक्ष वर्षांत तबकडी विरली, की रंगांवरून तो तारा वाटेतल्या कुठल्याही ताऱ्यासारखाच दिसतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र मात्र जोमात असतं आणि क्ष-किरणांत तो सूर्याच्या हजारो पट तळपतो. म्हणून न जुळलेले तारे टाकून देऊ नका, तेच तर मोलाचे आहेत! जानेवारी २००३मध्ये चंद्रा वेधशाळेने इथे सुमारे तेरा दिवसांत ८ लाख ३८ हजार सेकंद टक लावली, तेव्हा १,६१६ स्रोत सापडले.

खरी गफलत जुळवणीत होते. आधी टू-मास या अवरक्त आकाश-सर्वेक्षणातले सुटे, ठळक तारे घेऊन दोन याद्यांमधला सरासरी सरक काढून टाका. चित्राच्या मध्याजवळ १ आर्कसेकंदाची (अंशाच्या ३,६००व्या भागाची) मर्यादा ठेवा. कडेला चंद्रा वेधशाळेची प्रतिमा पसरते, तिथे २ किंवा जास्त लागेल. मग एक यादी मुद्दाम २० आर्कसेकंद सरकवून पुन्हा जुळवा. तेव्हा जितक्या जोड्या जमतील, साधारण तितक्या मूळ जुळणीतही योगायोगाच्या.

मध्यभागी, समलंब चौकोनाच्या चार ताऱ्यांपाशी, उलट अडचण आहे. ८ मायक्रॉनमध्ये तेजोमेघच इतका उजळतो की मंद तारे त्यात बुडतात. तिथे चंद्रा वेधशाळेवर विसंबा. पण त्या चारांतल्या सर्वांत तेजस्वी थीटा-१ सी ताऱ्याचे आकडे जपून वापरा : एकाच वेळी आलेले दोन फोटॉन शोधक एकच धरतो.

वाटेतले धूळ आणि वायू १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टखालच्या ऊर्जेचे क्ष-किरण गिळतात, २च्या वरचे बरेचसे पार होतात. फक्त कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, किरण देणारा आणि २.२ मायक्रॉनमध्ये न दिसणारा स्रोत बहुतेकदा मागची दीर्घिका असते. मात्र तो दाट वायूच्या पुंजक्यावर असेल, तर गाडलेला नवजात ताराही असू शकेल. वायूचा नकाशा पाहिल्याशिवाय काट मारू नका.

प्रश्न : हेच काम भारताच्या अॅस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेने होईल?

उत्तर : या गुच्छात नाही. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथे बांधलेल्या तिच्या मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमा सुमारे २ आर्कमिनिटांची, म्हणजे १२० आर्कसेकंदांची, आणि समलंबाचे चारही तारे जेमतेम २० आर्कसेकंदांत मावतात. सुट्या, तेजस्वी तरुण ताऱ्याचे भडके टिपायला मात्र ती कामाची आहे.