गाडीच्या सालाआधी त्या पॉलिसीकडे पाहा

नाशिकच्या एका वाचकांनी महिंद्रा एक्सयूव्ही५०० च्या तीन जुन्या गाड्या पाहून ठेवल्या आहेत: २०१६ ची, दिल्ली पासिंगची, साडेपाच लाखांना; २०१९ ची नऊ लाखांना; आणि २०२१ ची साडेअकरा लाखांना. यांपैकी कोणत्या सालाची गाडी भरवशाची, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. मधल्या गाडीसाठी अकरा हजारांचे टोकन देऊन झाले आहे. चार लाखांची मुदत ठेव मोडायची आणि पाच लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी काढायचे, असा बेत आहे. वय ३८, हातात येणारा पगार ८५ हजार, घरकर्जाची बाकी २८ लाख. पत्नी, दोन मुले आणि आई त्यांच्यावर अवलंबून. पत्राच्या शेवटी, जाता जाता, ते लिहितात की बँकेतून घेतलेली दहा लाखांची आयुर्विम्याची पॉलिसी असल्यामुळे कर्जाची चिंता नाही.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ही गाडी २०११ मध्ये आली, २०१५ मध्ये तिचे रूप बदलले, एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा बदल होऊन इंजिनाची ताकद १४० वरून १५५ अश्वशक्ती झाली, २०२० मध्ये ती बीएस-६ (धुराबाबतच्या नव्या, कडक मानकाची) झाली आणि २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० आल्यावर तिचा निरोप झाला. कोणत्याही नव्या मॉडेलची पहिली दोन-तीन वर्षे कारखाना ग्राहकाच्या खर्चाने शिकत असतो, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्या बाजूला ठेवाव्यात. २०२१ ची गाडी नवी असली तरी आपल्या वापराला ती सोयीची नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती काजळी जळून जाण्यासाठी इंजिन अधूनमधून बराच वेळ सलग व गरम चालावे लागते. आपण रोज आठ किलोमीटरवरच्या अंबडला जाता आणि महिन्यातून एकदा धुळ्याला. अशा वापरात गाळणी तुंबू शकते आणि ती बदलण्याचा खर्च मोठा असतो. २०१६ ची गाडी स्वस्त आहे, कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांच्या धास्तीने अशा गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या जातात. इकडे आणल्यावर ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर यांचा भार वेगळा पडतो.

म्हणजे तिघींत २०१९ ची बरी. मात्र विक्रेता सांगतो ते साल बहुधा नोंदणीचे असते, म्हणून आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष स्वतः पाहावे. मीटरवर ४२ हजार किलोमीटर दिसत असताना क्लचच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा, मीटरवर नव्हे. टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. ‘१८१९’ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. चारही टायर त्याच सुमाराचे असतील तर मीटर कदाचित खरे बोलत असेल. (शनिवार-रविवारी ओळखीच्यांना गाडी भाड्याने देऊन कर्जाचा हप्ता निघेल, अशी आशा असल्यास ती सोडून द्यावी. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.)

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. पाच लाखांचे नवे कर्ज धरले तर आपल्यावर ३३ लाखांचे देणे होईल आणि आपल्या पश्चात घरच्यांच्या हाती येतील दहा लाख. ते सगळे बँकेला दिले तरी २३ लाखांचे कर्ज उरते आणि घरखर्चाला एक रुपयाही नाही. याला ‘चिंता नाही’ म्हणता येत नाही. आपण पाठवलेल्या कागदांनुसार पॉलिसीचा हप्ता वर्षाला एक लाख, तो दहा वर्षे भरायचा आणि पंधराव्या वर्षाअखेर पंधरा लाख मिळणार. मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला गेलेल्या माणसाला ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट’ असे सांगून हा माल गळ्यात मारणे रोजचे झाले आहे आणि मला त्याचा आता वीट आला आहे. हिशेब केल्यास परतावा वर्षाला जेमतेम चार टक्के पडतो. तेच पैसे आजच्या ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) गेले असते, तर सुमारे २१ लाख झाले असते.

तीन हप्ते भरून झाले आहेत आणि चौथा पुढच्या महिन्यात आहे. पॉलिसी आता मोडली तर भरलेल्या तीन लाखांतील नियमानुसार किमान ३५ टक्के, म्हणजे लाखभर रुपये हाती येतील. ते करू नये. हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ करावी, म्हणजे मुदतीअखेर पंधरा लाखांच्या तीन दशांश, सुमारे साडेचार लाख मिळतील. दरवर्षी वाचणाऱ्या लाखापैकी वीस हजारांत आपल्या वयाच्या, निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा शुद्ध मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) मिळू शकतो. उरलेले ऐंशी हजार, केवळ जिवंत ठेवण्यासाठी आपण वर्षाला पाचशे रुपये भरता त्या पीपीएफ खात्यात, पुढची सात वर्षे भरत राहावे. पॉलिसीच्या मुदतीअखेर त्याचे आजच्या दराने साडेदहा लाख होतील. साडेदहा आणि साडेचार मिळून तेच पंधरा लाख, आणि विमा दहा लाखांऐवजी कोटीचा. क्रम मात्र पाळावा: नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू नये. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी आणि अर्जात कोणताही आजार लपवू नये.

ठेवीचे चार लाख ही घरातली एकमेव अडीअडचणीची गंगाजळी आहे. घरकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून आपले महिन्याला सुमारे ७६ हजार जातात, म्हणजे नोकरी गेली तर ती पाच महिने पुरेल. ती गाडीत घालून वर पाच वर्षे ११,६०० चा हप्ता ओढला, तर पगारातून शिल्लक राहणे सोडाच, दरमहा अडीच हजार कमी पडतील. महिन्यातून एकदा सगळ्यांनी धुळ्याला जायचे असेल, तर चालकासह सात आसनी गाडी भाड्याने घ्यावी. मुदत विमा झाल्यावर आणि पगार वाढून महिन्याला दहा-बारा हजार सहज बाजूला पडू लागल्यावर २०१९ ची अशीच गाडी पुन्हा शोधता येईल; तोवर ती आणखी स्वस्त झालेली असेल.

टोकनच्या पावतीवर परताव्याची अट काय लिहिली आहे, ते पाहून रविवारच्या आत लेखी मागणी करावी. ते अकरा हजार बुडालेच, तर कर्जाचा एक हप्ता भरल्यासारखे होईल. उरलेले एकोणसाठ वाचतील.